क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे आता पुन्हा होणार नाही का?

येऊरवाली (धागाकर्ती), मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. विषय नाजूक आहे म्हणून वेगळ्या आयडीने लिहितेय.

मूल हवंय म्हणून आमच्या तपासण्या चालू आहेत. घोडबंदर रोडला एका क्लिनिकमध्ये रक्ताच्या बऱ्याच टेस्ट एकदम केल्या. रिपोर्टच्या एकाच पानावर दोन ओळी एकाखाली एक आल्या: रुबेला (जर्मन गोवर) आयजीजी पॉझिटिव्ह, क्लॅमिडिया (लैंगिक संबंधांतून पसरणारा एक बॅक्टेरिया) आयजीजी पॉझिटिव्ह. क्लॅमिडिया आयजीएम निगेटिव्ह. (आयजीजी म्हणजे रक्तात बराच काळ टिकणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज; आयजीएम म्हणजे नव्या संसर्गात आधी येणारी.) मॅडमनी रुबेलापुढे टिक केली, "छान, लस घ्यायला नको" म्हणाल्या. क्लॅमिडियाच्या ओळीभोवती पेनाने गोल केला आणि आम्हा दोघांचीही आणखी एक तपासणी लिहून दिली. बाहेर रांग लागलेली, त्यामुळे नीट विचारायचं राहून गेलं.

दोन्ही आयजीजीच ना? एकाचा अर्थ "शरीराला ओळख आहे, आता भीती नाही", मग दुसऱ्याला गोल का? शरीराने ओळख ठेवली असेल तर तीही चांगलीच गोष्ट नाही का?

आणि खरं सांगू का, त्या दिवसापासून घरात एक अवघडलेपण आलंय. नवरा काही बोलत नाही, पण "हे आलं कुठून" हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आहे. कुणाला नक्की माहिती असेल तर कृपया लिहा.

ऐरोलीकर, मंगळवार, रात्री ११:०५

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. माझ्याकडे उत्तर नाही, प्रश्न मात्र तोच आहे. गोवर, कांजिण्या एकदा येऊन गेल्या की सुटलो, हेच लहानपणापासून ऐकलंय. बॅक्टेरियाच्या बाबतीत तसं नसतं का?

कोपरीची_डॉक्टर, बुधवार, सकाळी ७:१५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ओपीडीला जायच्या आधी लिहितेय, तेव्हा आधी तुमच्या घरातल्या प्रश्नाबद्दल.

क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीही त्रास होत नाही. पांढरं जाणं थोडं वाढलं, लघवीला किंचित जळजळ झाली, आणि तेही लक्षात राहत नाही. पुरुषांतही सुमारे निम्म्यांना काही लक्षण नसतं. संसर्ग महिनोन्महिने गुपचूप राहतो, आणि तो आपोआप गेल्यावरही रक्तातली आयजीजी वर्षानुवर्षं टिकू शकते. त्यामुळे तो कधी झाला, लग्नाआधी की नंतर, कुणाकडून कुणाला, यातलं काहीही तो रिपोर्ट सांगू शकत नाही. शिवाय क्लॅमिडिया न्यूमोनिई नावाचा याच कुळातला एक जंतू श्वसनमार्गाचा संसर्ग करतो, आणि तो समाजात भरपूर आहे. रक्ताच्या काही चाचण्या या दोघांत गल्लत करतात. म्हणजे ती आयजीजी कधीकाळच्या खोकल्याचीही असू शकते. या एका कागदावरून एकमेकांवर संशय घेऊ नका. हे मी पेशंटना रोज सांगते, तुम्हालाही तेवढ्याच कळकळीने सांगतेय.

आता टिक आणि गोल. रुबेलाची आयजीजी म्हणजे संरक्षण, कारण तो विषाणू रक्तातून सगळीकडे फिरतो आणि रक्तातली प्रतिपिंडे त्याला वाटेतच गाठतात. क्लॅमिडियाची आयजीजी म्हणजे फक्त "भेट झाली होती". आत्ता संसर्ग आहे का, हे ती सांगत नाही आणि पुढच्या वेळी वाचवेल याची हमीही देत नाही. तुमच्या मॅडमनी गोल केला तो वेगळ्याच कारणासाठी. जुन्या संसर्गाने गर्भनलिकांना आतून व्रण पडले असतील का, ही शंका मनात ठेवायला हवी.

तुर्भेकर, बुधवार, दुपारी १:३०

डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी बहुतेक नॅट असणार. मी तुर्भ्याला लॅबमध्ये आहे, म्हणून नमुन्याबद्दल लिहितो, कारण इथेच घोळ होतो.

यात जंतूचं जनुकीय द्रव्य शोधतात. बायकांमध्ये योनीमार्गाचा किंवा गर्भाशयमुखाचा स्वॅब सगळ्यात चांगला. पुरुषांना लघवी चालते, पण ती पहिल्या धारेची हवी, साधारण २० ते ३० मिलि. त्याआधी किमान तासभर लघवीला गेलेलं नसावं. लोकांना लघवीच्या कल्चरची सवय असते, त्यामुळे ते पहिली धार सोडून मधली बाटलीत धरतात, वर बाटली गळ्यापर्यंत भरून आणतात. इथे नेमकं उलटं आहे. जंतू मूत्रमार्गाच्या अस्तरात असतात आणि पहिली धार त्यांना धुऊन आणते. मधली धार दिली किंवा जास्त भरली की नमुना पातळ होतो, आणि संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं नाही तरी तुमच्या मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवा.

पेशीवाचक, बुधवार, रात्री ९:५०

मी खारघरला राहतो, रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन केलंय. येऊरवालींचा प्रश्न या विषयाच्या अगदी मुळाशी जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जंतू पेशीच्या बाहेर वाढूच शकत नाही. त्याची दोन रूपं असतात. एक छोटं, टणक रूप, जे फक्त एका पेशीतून दुसऱ्या पेशीत शिरण्यासाठी असतं. ते वाढत नाही. पेशीत शिरलं की तो एका पिशवीत दडून बसतो, दुसरं रूप घेतो, भराभर विभागतो, पुन्हा टणक होतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. या साऱ्याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. प्रतिपिंडांना तो सापडतो तो या बाहेरच्या थोड्या वेळात. एकदा आत गेला की रक्तातली आयजीजी कितीही असली तरी पेशीच्या आत तिचा हात पोचत नाही.

मग त्याला मारतं कोण? मुख्यतः सीडी-४ प्रकारच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्याने आपली संसर्ग झालेली पेशी आतलं ट्रिप्टोफॅन, म्हणजे प्रथिनं बांधायला लागणारं एक अमिनो आम्ल, मोडून टाकते. जंतूची उपासमार होते. पण यावरही त्याने तोड काढली आहे. जननमार्गात राहणाऱ्या प्रकारांकडे इंडोलपासून ट्रिप्टोफॅन बनवायची जनुकं आहेत, आणि इंडोल पुरवतात योनीमार्गातले काही दुसरे बॅक्टेरिया. डोळ्यांत खुपऱ्या करणारे प्रकार याच जातीचे, पण त्यांच्यात ही जनुकं निकामी झालेली असतात. म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडला की क्लॅमिडियाला बाहेरून शिधा मिळतो. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आता स्मृती. संसर्ग संपला की काही टी पेशी स्मृतिपेशी होऊन उरतात. त्यातल्या काही रक्तात आणि लसिकाग्रंथींत फिरत राहतात. काही मात्र त्या अवयवाच्या अस्तरातच मुक्काम ठोकतात, पुन्हा रक्तात येत नाहीत. यांना निवासी स्मृतिपेशी म्हणू. आग घोडबंदरला लागली आणि बंब कल्याणहून निघाला तर काय होईल? फिरत्या पेशींचं तसंच आहे. त्या येतात, पण तोवर जंतूची एक फेरी होऊन गेलेली असते. निवासी पेशी पहिल्याच दिवशी कामाला लागतात.

हे नेमकं दिसलं २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या हार्वर्डच्या उंदरांवरच्या कामात. अतिनील किरणांनी मारलेला क्लॅमिडिया नुसताच गर्भाशयात दिला, तर ते उंदीर नंतरच्या खऱ्या संसर्गात लस न दिलेल्यांपेक्षाही जास्त आजारी पडले. शरीराने त्या मेलेल्या जंतूला धोका न मानता उलट प्रतिकार दाबून टाकणाऱ्या टी पेशी तयार केल्या होत्या. तोच मेलेला जंतू प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या सूक्ष्म कणांना जोडून नाकातून किंवा गर्भाशयातून दिला, तेव्हा संरक्षण मिळालं. लस कुठूनही दिली तरी रक्तात फिरणाऱ्या स्मृतिपेशी तयार होत होत्या. पण गर्भाशयाच्या अस्तरात निवासी पेशी बसल्या त्या श्लेष्मल अस्तरातून (नाक, गर्भाशय यांच्या आतल्या ओलसर थरातून) लस दिली तेव्हाच. आणि संसर्ग नीट आटोक्यात यायला दोन्ही लागल्या: आधी जागेवरच्या, मग मागून आलेल्या फिरत्या.

थोडक्यात ताई, तुमच्या शरीरात या जंतूची स्मृती असणारच. पण रक्ताचा नमुना अस्तरात किती आणि कसल्या पेशी बसल्यात ते सांगत नाही.

तलावपाळी, बुधवार, रात्री १०:३१

पेशीवाचक, मनापासून धन्यवाद. एक शंका सतावतेय. अशी स्मृती तयार व्हायला वेळ लागत असेल, तर लगेच अँटिबायोटिक देऊन आपण ती मधेच तोडतो का? थोडं थांबून शरीराला शिकू दिलं तर?

पेशीवाचक, बुधवार, रात्री ११:१२

शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनीही ती गंभीरपणे घेतली आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात क्लॅमिडिया लवकर शोधून उपचार करायची मोहीम जोरात राबवली, त्यानंतर पुन्हा पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण वाढताना दिसलं. त्यावरून ब्रनहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच कल्पना मांडली, की लवकरच्या उपचाराने प्रतिकारशक्ती अर्ध्यावर थांबते. अलाबामातल्या एका अभ्यासातही (२०१३) दिसलं, की तपासणी आणि उपचार यांच्या मधल्या काळात ज्या बायकांचा संसर्ग आपोआप गेला होता, त्यांना नंतर पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे माणसांतही नैसर्गिक संरक्षण तयार होतं. पण ते अर्धवट असतं आणि फार टिकत नाही.

कोपरीची_डॉक्टर, गुरुवार, सकाळी ६:५५

तलावपाळी, विज्ञान म्हणून विचार बरोबर आहे, पण कृपया कुणी घरी याचा प्रयोग करू नका. उपचार न केलेल्या बायकांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये संसर्ग वर चढून ओटीपोटात दाह होतो. नलिकांना जी इजा होते ती बरीचशी या दाहाचीच, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीच्या लढाईची. दर नव्या संसर्गागणिक वंध्यत्वाचा आणि नलिकेत गर्भ राहण्याचा धोका वाढत जातो. नलिकेत राहिलेला गर्भ फुटून मध्यरात्री ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलेल्या मुली मी पाहिल्यात. पोटात दीड लिटर रक्त, आणि घरच्यांना दिवस गेलेत हेही माहीत नाही. शरीराला शिकू देण्याची किंमत नलिकेने मोजायची नसते.

संसर्ग सापडला तर उपचार, आणि तो दोघांनाही. यात माझ्या मनात जराही शंका नाही.

वाशीखाडी, गुरुवार, सकाळी ११:२०

मी समुपदेशक आहे. डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहिते. पुन्हा संसर्ग झालेली बाई समोर येते तेव्हा बहुतेक वेळा प्रतिकारशक्तीचा विषयच नसतो. तिने गोळ्या घेतलेल्या असतात, नवऱ्याने घेतलेल्या नसतात. "मला काही त्रास नाही, मी कशाला घेऊ?" म्हणून त्याची पाकिटं कपाटातच राहतात. उपचार पूर्ण होईपर्यंत दोघांनी संबंध टाळायचे असतात. एकाच मात्रेचं औषध असेल तर त्यानंतर सात दिवस. हे तर कुणी धड सांगतही नाही.

ज्यांना खाजगीत परवडत नाही किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे जायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी: सरकारी रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" असतात. तिथे लैंगिक संसर्गांची तपासणी, औषधं आणि समुपदेशन मोफत मिळतं, माहिती गोपनीय राहते. लक्षणांनुसार रंगीत किट ठरलेली आहेत, त्यामुळे औषधासाठी वणवण करावी लागत नाही. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या "गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज" वाल्या कागदांवरच्या नंबरांना फोन करू नका, एवढं हात जोडून सांगते. तिथे पैसे गमावलेली आणि आजार वाढवून आलेली मुलं मी फार पाहिली आहेत.

नेरुळचा_नाना, गुरुवार, दुपारी ४:०८

माझ्या एका मित्राला परमा झाला होता. बरा झाला, आणि वर्षभरात पुन्हा झाला. एकदा होऊन गेला की निदान काही महिने तरी ढाल मिळायला नको का? आणि गरमीचं काय?

पेशीवाचक, गुरुवार, रात्री ९:३५

परमा, म्हणजे गोनोरिया, हा तर क्लॅमिडियापेक्षा कितीतरी बेरकी. त्याचा जंतू नायसरने १८७९ मध्ये शोधला, पण त्याच्यापासून नैसर्गिक संरक्षण जवळजवळ मिळतच नाही. तीच व्यक्ती, तोच जंतू, पुन्हा आजार. एक कारण म्हणजे तो वेष बदलतो. पेशीला चिकटायला वापरतो ते केसांसारखे धागे आणि पृष्ठभागावरची इतर प्रथिनं तो सतत अदलाबदल करत राहतो, त्यामुळे गेल्या वेळची प्रतिपिंडे या वेळी चुकीचा चेहरा शोधत बसतात. दुसरं कारण त्याहून वाईट: त्याची काही प्रथिनं आपल्याच टी पेशींवरच्या एका खुंटीला चिकटून त्यांना थंड करतात. ओळख पटायच्या आधीच ती पुसायची व्यवस्था.

म्हणूनच न्यूझीलंडची गोष्ट महत्त्वाची. तिथे मेनिंगोकॉकस बी या मेंदूज्वराच्या जंतूविरुद्ध तरुणांना लस दिली होती. हा गोनोरियाच्या जंतूचा सख्खा भाऊ. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये गोनोरियाविरुद्ध सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसलं. २०१७ मध्ये ते लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. ३१ हा आकडा छोटा वाटेल. पण गोनोरियाविरुद्ध शरीराला काहीतरी शिकवता येतं, याचा माणसांमधला तो पहिला ठोस पुरावा होता. त्याच जातकुळीतली सुधारित लस इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून जास्त धोका असलेल्या लोकांना गोनोरियासाठी द्यायला सुरुवात केली.

गरमी म्हणजे सिफिलिस. त्याच्या जंतूच्या बाह्य आवरणावर आपल्याला दिसण्यासारखी प्रथिनं फार कमी, आणि त्यातलं एक तो सतत बदलत राहतो. सशांवरच्या प्रयोगांत दीर्घ संसर्गानंतर संरक्षण येतं, लवकर उपचार केला तर येत नाही. माणसांत पुन्हा संसर्ग सर्रास होतो.

नाना, मित्राला एक नक्की सांगा: दुकानातून स्वतःच गोळ्या घेऊ नकोस. गोनोरियाचा जंतू एकामागून एक औषधांना दाद देईनासा झाला आहे. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन.

ऐरोलीकर, गुरुवार, रात्री १०:०२

मग क्लॅमिडियाची लस कधी? एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूची) तर आली.

पेशीवाचक, गुरुवार, रात्री १०:४०

एचपीव्हीत रक्तातल्या प्रतिपिंडांवर भागतं. ती भरपूर असली की गर्भाशयमुखाच्या स्रावात झिरपतात, आणि पेशीत शिरायला बराच वेळ घेणाऱ्या त्या विषाणूला बाहेरच अडवतात. क्लॅमिडियाला टी पेशीही हव्यात, त्याही जागेवर.

प्रयत्न जुने आहेत. १९६० च्या दशकात खुपऱ्यांविरुद्ध अख्ख्या जंतूच्या लसी काही देशांत देऊन पाहिल्या. संरक्षण थोडे दिवस टिकलं, आणि काही ठिकाणी लस घेतलेल्यांना पुढे जास्त दाह झाल्याची शंका आली. त्या धास्तीने हे क्षेत्र कित्येक वर्षं थंडावलं. (भारतातून खुपऱ्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं, ते लसीशिवाय, औषधं, शस्त्रक्रिया आणि स्वच्छतेच्या बळावर.) पुढे २०१९ मध्ये डेन्मार्क आणि लंडनच्या गटाने जननमार्गातल्या क्लॅमिडियाच्या लसीची पहिली मानवी चाचणी प्रसिद्ध केली. ३५ निरोगी बायका, आधी दंडात इंजेक्शनं आणि मग नाकातून मात्रा. लस सुरक्षित दिसली, प्रतिपिंडे तयार झाली. संसर्ग टळतो का, हे तपासायला ती चाचणी नव्हतीच. जगात दरवर्षी क्लॅमिडियाचे सुमारे १३ कोटी नवे संसर्ग होतात असा २०२० चा अंदाज आहे. इतक्या मोठ्या प्रश्नावर अजून लस नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

येऊरवाली, शुक्रवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री हा अख्खा धागा नवऱ्याला वाचायला दिला. डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद वाचून तो म्हणाला, "अगं, मग आपण कशाला तोंडं फिरवून बसलोय?" उद्या दोघं मिळून नमुने द्यायला जातोय. पहिल्या धारेचं त्याच्या लक्षात आहे.

दोनच प्रश्न. नॅट निगेटिव्ह आली तर नुसत्या आयजीजीसाठी औषध घ्यायचं का? आणि मॅडमनी एचएसजीही (गर्भाशयात औषध सोडून नलिका मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे) करायला सांगितलीय, ती आधी करू की नंतर?

कोपरीची_डॉक्टर, शुक्रवार, रात्री ९:४५

दोघांचीही नॅट निगेटिव्ह असेल तर नुसत्या आयजीजीवर मी औषध देत नाही. पॉझिटिव्ह आली तर दोघांनी पूर्ण कोर्स करायचा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. लगेच आठवड्याभरात तपासू नका. मेलेल्या जंतूंचं द्रव्य काही आठवडे चाचणीत दिसत राहतं आणि उगाच घाबरायला होतं.

एचएसजी नंतर. चालू संसर्ग असताना गर्भाशयात दाबाने औषध सोडलं तर जंतू नलिकांमध्ये ढकलले जाऊ शकतात, म्हणून नॅटचा रिपोर्ट हातात आल्यावरच. पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात, म्हणजे गर्भ राहिलेला नाही याची खात्री असते. नलिकांमध्ये दोष दिसलाच, तर आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. क्लॅमिडियाच्या आयजीजीवर खापर फोडून थांबू नका, तुमच्या मॅडमना ते जरूर विचारा. रिपोर्ट आले की इथे लिहा.

तुर्भेकर, शुक्रवार, रात्री १०:१०

उद्या शनिवार. नमुना सकाळीच द्या, म्हणजे तो रविवारी पडून राहणार नाही. आणि स्वॅबच्या आधी योनीमार्गात कुठलंही क्रीम किंवा गोळी वापरलेली नको.